दोष लेन्सचा, की पाहणाऱ्याचा?

आपल्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाकडे एक लांब पल्ल्याची लेन्स आहे, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ४०० मिलिमीटरची ही लेन्स माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, कुणीतरी आधी वापरलेली अशी, स्वस्तात मिळालेली आहे. तिच्या जोडीचा कॅमेराही जुन्या धाटणीचा, आत आरसा असलेला. घरातली जुनी पैठणी जशी कपाटातून वर्षातून दोनतीनदाच बाहेर निघते, तशीच ही लेन्सही सहलीपुरती बाहेर येते. आणि ती कोणाच्या हातात द्यावी यावरून मंडळात दरवर्षी रुसवेफुगवे होतात.

गेल्या डिसेंबरात ही लेन्स ‘बिघडली’. ती कशी बिघडली, कोणी बिघडवली, याविषयी मंडळात फार चर्चा झाली. त्या चर्चेत मी आघाडीवर होतो, कारण मी मंडळाचा चिटणीस. आज मी जो लेखनप्रपंच मांडला आहे तो त्या चर्चेसंबंधीच आहे. फोटोग्राफीत ज्यांना रस नाही अशा वाचकांनी हे पान उलटू नये अशी माझी विनंती आहे. विषय लेन्सच्या फोकसचा असला तरी प्रश्न तेवढ्यापुरता नाही.

आम्ही भिगवणला गेलो होतो. उजनी धरणाच्या पसरट पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला कुंभारगावच्या बाजूने होडीतून जावे लागते. पहाटे सहाला आम्ही होडीत बसलो. पहिला तास-दीड तास लेन्स माझ्याकडे होती. मग ठरल्याप्रमाणे ती प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या हाती दिली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी लेन्स धरली होती. कॅमेरा कसा धरायचा आणि बटण कुठे दाबायचे एवढे मी तिला सांगितले आणि माझ्या दुर्बिणीत डोके खुपसले. अर्ध्या-पाऊण तासाने ती म्हणाली, “दादा, हे फोकस होत नाहीये. नुसतं घरघर करतंय.” मी म्हणालो, “नीट धर, होईल.” समोर पाण्यात रोवलेल्या काठीवर खंड्या बसला होता, जेमतेम चारपाच मीटरवर. लेन्स पुढे जाई, मागे येई, परत पुढे जाई, आणि चित्र काही केल्या स्वच्छ होत नसे. खंड्या उडून गेला. त्यानंतर दुपारपर्यंत तिने दोनशेच्या वर फोटो काढले. त्यातले बहुतेक अस्पष्ट निघाले.

सोमवारी मंडळाची बैठक भरली. मी व्हरांड्यात उभे राहून समोरच्या सूचनाफलकावर लेन्स रोखली. तीच घरघर! फलकावरचे एक अक्षर धड दिसेना. मग दुसऱ्याने पाहिले, तिसऱ्याने पाहिले. सर्वांचे एकमत झाले की लेन्सला मार बसला आहे. शेवटी लेन्स कोणाच्या हातात होती? तिच्या. होडीतून उतरताना तिचा पाय घसरला होता, हे कुणाला तरी आठवले. पुरावा पूर्ण झाला! “पडली असेल तर सांगून टाक, कोणी रागावणार नाही,” असे मी तिला दहाबारा जणांसमक्ष म्हणालो. ती म्हणाली, “पडली नाही.” मग दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा यावर चर्चा झाली, आणि काही वेळाने तीच म्हणाली, “मी दरमहा थोडे थोडे देईन.” ती ‘कमवा आणि शिका’ योजनेत आपल्या ग्रंथालयात काम करते. दरमहा थोडे म्हणजे तिच्या बाबतीत काय, याचा विचार त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

लेन्स घेऊन मी आणि एक मित्र शहरातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी लेन्स हातात घेतली, उघडली मात्र नाही. त्यांनी विचारले, “बिघडलेले फोटो आणलेत का?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. माझ्या हातून काढलेले जे फोटो वाईट आले होते ते मी होडीतच खोडून टाकले होते; वाईट फोटो कोण ठेवतो? काका म्हणाले, “पेशंट आणला, पण त्याला काय होतंय ते सांगता येत नाही. औषध कशावर देऊ?” मग त्यांनी लेन्सच्या कडेवरच्या एका बारीक बटणावर नख ठेवून विचारले, “हे इथं कोणी सरकवलं?”

त्या क्षणी मला आठवले, आणि अंगावर काटा आला. ते बटण मीच सरकवले होते.

ते बटण कशाचे, ते सांगतो. लांब लेन्सला जवळच्या वस्तूपासून थेट क्षितिजापर्यंत फोकस शोधायचा तर आतल्या भिंगांना बराच प्रवास करावा लागतो आणि त्यात वेळ जातो. म्हणून अशा बऱ्याच लेन्सवर मर्यादेचे बटण असते. ते एका बाजूला असले तर लेन्स सगळ्या अंतरांवर शोध घेते. दुसऱ्या बाजूला सरकवले तर जवळचा भाग वगळते. आमच्या लेन्सचे बटण सरकवले की ती आठ मीटरच्या अलीकडे पाहतच नाही. पहाटे उडते नदी सुरय टिपताना वेळ वाचावा म्हणून मी ते सरकवले, आणि लेन्स दुसऱ्याच्या हाती देताना विसरलो. खंड्या होता पाच मीटरवर. आणि आमच्या व्हरांड्यातला सूचनाफलक? नंतर मी पट्टीने मोजले: सहा मीटर! म्हणजे ज्या चाचणीने आम्ही त्या मुलीला दोषी ठरवले, त्या चाचणीत उत्तमातली उत्तम लेन्सही नापासच झाली असती.

गोष्ट इथे संपली असती तर ‘एका बटणाची चूक’ म्हणून सोडून देता आली असती. पण काकांनी आम्हाला तसे सोडले नाही. ते म्हणाले, “एवढ्याने सगळे फोटो बिघडत नाहीत. बाकीचे का बिघडले?” तेव्हा आम्हाला त्या मुलीकडे जावे लागले. तिने तिचे सगळे, म्हणजे २१२ फोटो जपून ठेवले होते. का ठेवलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “पक्ष्यांचे माझे पहिलेच फोटो आहेत ते.”

त्या संध्याकाळी आम्ही ग्रंथालयाच्या संगणकावर ते २१२ फोटो एकेक करून पाहिले. आजकाल प्रत्येक फोटोबरोबर तो कधी काढला, शटरचा वेग काय होता, छिद्र किती उघडे होते, याची नोंद आपोआप होते. ती नोंद वाचत वाचत आम्ही फोटोंचे ढीग केले, आणि मला जन्मात पहिल्यांदा कळले की अस्पष्टपणा एकच नसतो. त्याच्या जाती असतात. आणि जात ओळखली की कारण हाती लागते.

पहिल्या ढिगात ४७ फोटो होते. त्यांत पक्षी पुसट, पण त्याच्या पुढचे गवत इतके स्वच्छ की पाते न् पाते मोजावे. म्हणजे लेन्सने फोकस उत्तम केला होता. फक्त तो गवतावर केला होता. कॅमेऱ्यात फोकसची जागा एका बिंदूपुरती ठेवता येते किंवा पसरट ठेवता येते. पसरट ठेवली तर जुन्या कॅमेऱ्याचा कल सहसा जे सर्वांत जवळ आहे ते धरण्याकडे असतो. पाणथळ जागी सर्वांत जवळ असते ते गवत आणि लव्हाळा. उपाय साधा: मधला एकच बिंदू निवडायचा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा.

दुसऱ्या ढिगात ५२ फोटो. त्यांत कुठेच काही स्वच्छ नव्हते, पण सगळ्या रेषा एका दिशेने ओढल्यासारख्या दिसत होत्या. हा फोकसचा दोषच नव्हे. सकाळी सव्वासातच्या उन्हात शटरचा वेग होता सेकंदाचा २५० वा भाग. हातात धरलेल्या लेन्ससाठी जुना ठोकताळा असा की लेन्स जितक्या मिलिमीटरची, वेग किमान तितक्याव्या भागाचा हवा. म्हणजे ४०० ला ४०० वा भाग. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे, त्यामुळे ६०० वा. हे झाले हात हलण्यापुरते. त्यात होडी डुलते आणि पक्षी उडतो. उडता पक्षी गोठवायचा तर १६०० वा किंवा २००० वा भाग लागतो. त्यासाठी आय.एस.ओ. वाढवायला हवे होते. ते २०० वर होते, आणि ते वाढवता येते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. कित्येक लेन्समध्ये हाताचा कंप शोषणारी यंत्रणा असते, पण ती आपला हात सावरते. पक्ष्याचे पंख थांबवत नाही.

तिसरा ढीग ३६ फोटोंचा. त्यांत ओढल्याच्या रेषा नव्हत्या, गवतही स्वच्छ नव्हते. रोहितांचे पाय पाण्यात उकळत असल्यासारखे वेडेवाकडे दिसत होते. वेळा पाहिल्या तर सगळे फोटो साडेदहानंतरचे. ऊन चढले की पाण्यावरची हवा असमान तापते, तिच्या थरांतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. डांबरी रस्त्यावर दुपारी जे मृगजळ थरथरते तेच हे. लांब लेन्स ज्या प्रमाणात पक्षी मोठा करते त्याच प्रमाणात ही थरथरही मोठी करते, आणि ऑटोफोकसला एक जागा धरता येत नाही. याला कोणत्याही किमतीच्या लेन्सवर उपाय नाही. सकाळी लवकर जावे, पक्ष्याच्या जवळ जाता आले तर त्याला न उठवता जावे, नाहीतर कॅमेरा ठेवून डोळ्यांनी पाहावे.

चौथा ढीग फक्त १९ फोटोंचा: खंड्या, जवळचा वंचक, होडीच्या टोकावर बसलेली टिटवी. यांत तर पक्षी ओळखूसुद्धा येत नव्हता. हे माझ्या बटणाचे बळी. उडत्या पक्ष्यांसाठी मीच कॅमेरा ‘सतत फोकस’ या पद्धतीवर ठेवला होता. त्या पद्धतीत फोकस लागला नसला तरी अनेक कॅमेरे बटण दाबताच फोटो घेतात; म्हणून हे फोटो निघाले तरी.

उरलेले ५८ फोटो? ते चांगले होते. त्यांतला एक शेकाट्याचा फोटो तर मी तीन वर्षांत काढला नाही इतका चांगला आहे. लांब लालसर पाय, त्यांचे पाण्यातले प्रतिबिंब, आणि डोळ्यात सूर्याचा ठिपका. ‘मार बसलेल्या’ लेन्सने काढलेला फोटो!

दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलेली चाचणी आम्ही मैदानावर केली. ती इथे लिहून ठेवतो. पुढच्यांना उपयोगी पडेल. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवायचे. कॅमेरा तिवईवर, पानाशी काटकोनात, पंधरावीस मीटरवर ठेवायचा. म्हणजे आपण पक्षी ज्या अंतरावरून टिपतो साधारण तेवढ्या. ऊन तापण्यापूर्वीची वेळ निवडायची. लेन्सवर संरक्षणासाठी स्वस्त काच बसवलेली असेल तर काढून ठेवायची, कारण लांब लेन्सवर ती काचच कधीकधी चित्र बिघडवते. कंप शोषणारी यंत्रणा बंद. छिद्र पूर्ण उघडे. बोटाचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असे करायचे. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावायचा, आणि असे दहा फोटो डोळा लावायच्या खिडकीतून पाहून, दहा मागच्या पडद्यावर पाहून काढायचे.

दोन्हीकडून का, तर आरशाच्या कॅमेऱ्यात या दोन वाटा वेगळ्या असतात. आपण खिडकीतून पाहतो तेव्हा मोठ्या आरशाच्या मधल्या भागातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावरून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली दोन चित्रे तिथे ताडून पाहिली जातात. ती किती सरकलेली आहेत यावरून लेन्स कोणत्या दिशेला किती हलवायची ते ठरते. पण फोटो उमटतो तो दुसऱ्याच सेन्सरवर. या दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक पडला तर फोकस दरवेळी थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो. मागच्या पडद्यावर पाहताना मात्र आरसा वर उचललेला असतो आणि फोकस फोटोच्या सेन्सरवरूनच ठरतो. म्हणून पडद्यावरून काढलेले फोटो स्वच्छ आणि खिडकीतून काढलेले दरवेळी सारखेच पुसट असतील तर जुळणी चुकली आहे; काही कॅमेऱ्यांत ती आपणच थोडी सुधारू शकतो. दोन्हीकडून पुसट, किंवा पानाची एकच बाजू पुसट असेल, तर लेन्सच्या आतल्या भिंगांचा संशय घ्यावा. दोन्हीकडून स्वच्छ असेल तर लेन्स निर्दोष. दोष सहलीत शोधावा.

आमचे वीसच्या वीस फोटो स्वच्छ आले. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता येत होत्या.

आता थोडे या यंत्राविषयी. ऑटोफोकस ही काही फार जुनी गोष्ट नाही. बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी ३५ एएफ. आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात हे तंत्र खऱ्या अर्थाने रुजवले ते १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. त्यापूर्वी फोटो काढणारा स्वतःच्या हाताने कडे फिरवून फोकस लावी, आणि फोटो पुसट आला तर कपाळावर हात मारून घेई. दोष कोणाचा हा प्रश्नच नव्हता. ऑटोफोकस आल्यापासून ‘मी चुकलो’ याच्या जागी ‘लेन्स चुकली’ असे म्हणण्याची सोय झाली. यंत्राने आपल्या हाताचे काम घेतले, आपली जबाबदारी मात्र घेतली नाही. कशावर फोकस लावायचा, किती अंतरात शोधायचा, किती वेगाने टिपायचे, हे अजून आपणच ठरवतो.

त्यातून लांब लेन्स चूक पोटात घालत नाही. साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्सने, जुन्या फिल्मच्या चौकटीवर, ५.६ छिद्राने, दहा मीटरवरच्या माणसावर फोकस लावला तर साधारण सहा मीटरपासून तीस मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्वच्छ येते. त्याच जागी ४०० मिलिमीटरची लेन्स लावली तर स्वच्छ पट्टा उरतो अवघा वीस-एकवीस सेंटिमीटरचा, हाताच्या वीतभर! चोच स्वच्छ आणि शेपूट पुसट, अशी गत. लहान लेन्सने आपल्या ज्या चुका झाकल्या त्या मोठी लेन्स उघड्या पाडते. आणि आपण म्हणतो, लेन्स बिघडली.

यावर काही मित्रांचे म्हणणे असे की हे जुने डबडे विकून टाकावे आणि बिनआरशाचा नवा कॅमेरा घ्यावा, म्हणजे ही कटकटच मिटेल. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. नव्या कॅमेऱ्यात फोकस फोटोच्या सेन्सरवरूनच ठरतो, त्यामुळे दोन वाटांचा घोळ जवळजवळ संपतो. काही कॅमेरे गवतातून पक्ष्याचा डोळासुद्धा शोधून काढतात. आमचा पहिला ढीग त्याने बराच कमी झाला असता. पण दुसरा? तिसरा? आणि माझ्या बटणाचा चौथा? संथ शटर, तापलेली हवा आणि विसरभोळा चिटणीस, या तिघांवर नव्या कॅमेऱ्यातही औषध नाही.

दुसरे काही म्हणतात, ही सगळी तांत्रिक भानगड विज्ञान शाखेच्या मुलांवर सोपवावी. कला शाखेच्या विद्यार्थ्याने नुसते सौंदर्य पाहावे. हे मला मुळीच पटत नाही. त्या संध्याकाळी आम्ही ग्रंथालयात जे केले ते कला शाखेचेच काम होते. मराठीच्या वर्गात आपण शिकतो की एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हातोहात नकलून घेतलेल्या पोथ्यांत चुका शिरतात. त्या शोधायच्या तर पोथी फाडून चालत नाही. ती ताडून पाहावी लागते, आणि चुकीचे रूप कसे आहे यावरून ती कुठे, कशी शिरली ते ओळखावे लागते. पुसट फोटोही तसाच वाचावा लागतो. इतिहासाच्या तासाला सर आपल्याला विचारतात, “साधन कोणते? समकालीन आहे का?” आणि बैठकीत आम्ही काय साधन वापरले? ‘पाय घसरला होता’ अशी एक ऐकीव आठवण! समकालीन साधने, म्हणजे ते २१२ फोटो, ग्रंथालयात टेबलापलीकडे बसणाऱ्या मुलीजवळ होते. ते पाहायला आम्ही मागितले नाहीत. तीन वर्षे जी विद्या आपण वहीत उतरवून घेतो, ती पहिल्याच प्रसंगी आपल्या उपयोगी पडली नाही, याची मला जास्त लाज वाटते.

आणि आणखी एक. बिघाड झाला की आपण कारण शोधत नाही, माणूस शोधतो; आणि तोही असा की जो उलट बोलणार नाही. शेवटी लेन्स हाताळलेली प्रथम वर्षाची मुलगी आम्हाला चटकन दिसली. तिच्याआधी लेन्स हाताळलेला तृतीय वर्षाचा चिटणीस कोणालाच दिसला नाही. त्या चिटणिसाला स्वतःलाही नाही. याला काय म्हणावे? जवळच्या गवतावर फोकस लागणे, दुसरे काय!

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो आहे. पहिली: सहलीतला एकही फोटो पुढच्या बैठकीपर्यंत खोडू नये. चांगले फोटो फलकावर लागतातच. दरवर्षी चार बिघडलेले फोटोही त्यांच्या कारणांसह लावावेत. दुसरी: लेन्सच्या पेटीत एक वही ठेवावी. तक्रार असेल त्याने अंतर, उजेड, शटरचा वेग, बटणांच्या जागा आणि फोकसची पद्धत लिहावी. लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या धातूच्या टिकल्या कोरड्या मऊ फडक्याने पुसून पाहिल्या का, हेही लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. तिवईवरची चाचणी होईपर्यंत त्या वहीत कोणाचेही नाव लिहू नये आणि कोणाकडूनही पैसे मागू नयेत. तिसरी सूचना अशी की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेन्स देणे बंद करावे, हा डिसेंबरातला ठराव रद्द करावा. त्यांना लेन्स द्यावी, आणि देण्यापूर्वी मैदानावर अर्धा तास शिकवावे. लेन्स शिकवण्याने खराब होत नाही.

काकांनी आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. त्या मुलीने दिलेला पहिला हप्ता आम्ही तिला परत केला, आणि मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ दे दादा.” पण मी आरोप केला होता तो चारचौघांत, आणि माफी मागितली ती ग्रंथालयाच्या कोपऱ्यात. हा हिशेब बरोबर होत नव्हता. या वार्षिकांकाचे पान ती बैठक भरली होती त्या खोलीपेक्षा मोठे आहे, म्हणून इथे पुन्हा एकदा, सर्वांसमक्ष माफी मागतो. लेन्स पडली नव्हती. तिने बिघडवली नव्हती. बटण मी सरकवले होते.

लेन्स सध्या तिच्याकडेच आहे. पेटीतल्या वहीत पहिली नोंद तिच्या अक्षरात आहे: ‘बटण पूर्ण अंतरावर ठेवले आहे. पाहून घेणे.’

(तृतीय वर्ष, कला)